मक्ता, मामलत आणि रयतेचे मत

शहाणपणाचा मक्ता काही एकट्याने घेतलेला नाही, असे आपण मराठीत सहज बोलून जातो. देशभक्तीचा मक्ता, सदाचाराचा मक्ता, साहित्याचा मक्ता. दुसऱ्याची घमेंड उतरवावयाची असली की हा शब्द जिभेवर तयार असतो. मुळात तो कचेरीतला शब्द. सरकारचे एखादे येणे ठरावीक रकमेला कुणाच्या तरी हवाली करावयाचे, आणि त्याने ते लोकांकडून आपल्या हिशेबाने वसूल करावयाचे, या व्यवहाराला मक्ता किंवा इजारा म्हणत. जमाबंदी, तगाई, ताळेबंद, कमावीस हेही त्याच दप्तरातले शब्द आहेत. पण शहाणपणाची कमावीस कुणी केल्याचे आम्ही ऐकलेले नाही. बोलीभाषेने त्या सगळ्या दप्तरातून एकच शब्द उचलला आणि तो टोमणा मारण्यासाठी राखून ठेवला. लोकमताची शिरगणती करण्याची साधने ज्या काळी नव्हती, त्या काळाने आपले मत असे शब्दांत गोठवून ठेवले आहे.

हा विषय आज निघण्याचे कारण वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी कामांसाठी कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. त्यावर राज्यभर, विशेषतः स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांत, एवढा संताप उसळला की २० ऑक्टोबर रोजी तो रद्द केल्याची घोषणा करावी लागली. जेमतेम दीड महिन्याचे आयुष्य. आमचे पुष्कळसे वाचक नोकरीनिमित्त परप्रांतांत आहेत, आणि निविदा, करार, कंत्राटी नेमणूक यांची कागदपत्रे त्यांच्या टेबलावरून रोज जातात. सरकारचे काम सरकारनेच करावे की बाहेरच्याकडून करवून घ्यावे, हा प्रश्न त्यांना नवा नाही. तो मराठी राज्यालाही नवा नव्हता, आणि रयतेने त्यावर दिलेले उत्तर आपण समजतो तेवढे सरळही नव्हते. ते उत्तर काय होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. थोरल्या माधवरावांच्या आणि पुढे नाना फडणिसांच्या काळात मुलकी कारभार निखळ सरकारी नोकरांच्या हाती होता, आणि दुसऱ्या बाजीरावाने तो मक्तेदारांच्या घशात घातला, असे चित्र शालेय पुस्तकांतून उमटते. ते अर्धेच खरे आहे. माधवरावांच्या वेळचा कमाविसदार किंवा मामलेदार हाही आजच्या अर्थाने नोकर नव्हता. मामलत मिळताच त्याला अपेक्षित वसुलाचा काही भाग आगाऊ सरकारात भरावा लागे. याला रसद म्हणत. ही रक्कम तो बहुधा सावकाराकडून उचली आणि सरकार तिच्यावर त्याला व्याज देई. म्हणजे सरकारला पैसा आधी मिळे, मामलेदार सावकाराच्या कर्जात असे, आणि सावकाराची नजर मामलेदाराइतकीच पिकावर असे. आजचा एखादा अर्थतज्ज्ञ या व्यवहाराला मोठे भारदस्त नाव देईल. आमच्या मते तो निम्मा सरकारी आणि निम्मा खाजगी होता.

असे असूनही रयतेने त्या व्यवस्थेला शिव्याशाप दिले नाहीत. याचे कारण मामलेदाराच्या पगारात किंवा त्याच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही. ते त्याच्या भोवती बसणाऱ्या माणसांत सापडते. वर्षाच्या आरंभी हुजुरातून मामलेदाराला बेहेडा मिळे. अमुक जमा, अमुक खर्च, असा तो अंदाज असे, आणि वर्षअखेर त्याच्याशी हिशेब ताडून पाहिला जाई. शिवाय प्रत्येक मोठ्या मामलतीत दरखदार असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस ही आठ नावे प्रसिद्ध आहेत. हे दरखदार हुजुरातून नेमलेले, पुष्कळदा वंशपरंपरेने आलेले. मामलेदाराला त्यांना काढता येत नसे. कागदावर त्यांची निशाणी झाल्यावाचून कागद पुढे सरकत नसे. मामलेदार बदलला तरी दरखदार जागच्या जागी. त्यांच्यापैकी एखादा मामलेदाराशी भांडला की पुण्यास पत्र जाई. आपल्यापैकी ज्यांनी लेखापरीक्षकाचा त्रास सोसला आहे त्यांना या आठ जणांच्या सान्निध्यात मामलेदाराचे कसे होत असेल याची कल्पना येईल. रयतेला मात्र त्या त्रासातच आधार होता. गावच्या पाटलाला मामलेदाराविरुद्ध गाऱ्हाणे सांगावयाचे तर कचेरीतच दुसरा माणूस होता, आणि तोही ऐकणारा.

ही व्यवस्था धुतल्या तांदळासारखी होती असे आम्ही म्हणत नाही. नवी लागवड झालेली जमीन हिशेबात दाखवावयाची नाही, शिबंदीची हजेरी फुगवावयाची, हे मामलेदारांचे ठरलेले मार्ग होते. त्यातली एक गोष्ट तर सांगितल्यावाचून राहवत नाही. वरच्या कारकुनांना आणि मंत्र्यांना खूष ठेवण्यासाठी गावांवर जी जादा पट्टी बसे तिला दरबार खर्च म्हणत. पुढे ही लाच इतकी नियमित झाली की तिची रक्कम ठरून गेली आणि ती इतर खर्चांप्रमाणे हिशेबात लागून तपासलीही जाऊ लागली! पण तपासली गेल्यावर ती लाच कसली? म्हणून तिच्याबाहेर आणखी एक गुप्त रक्कम काढावी लागली. तिचे नाव अंतस्थ. सरकारी खात्यांतील आमच्या वाचकांस हा विकासक्रम अपरिचित वाटणार नाही.

दरखदारांच्या या तत्त्वाचे एक आजचे उदाहरण येथेच नोंदवून ठेवतो. पारपत्रे देण्याच्या कामात २००८ साली केंद्र सरकारने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीशी करार केला. अर्ज घेणे, छायाचित्र काढणे, संगणकाची यंत्रणा चालविणे ही कामे कंपनीकडे गेली; पण कागद तपासून पारपत्र मंजूर करण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडेच राहिला. पोलिसांची पडताळणीही पोलिसांकडेच राहिली. एवढा मोठा बदल झाला, पण त्यावर कोठे मोर्चा निघाला नाही. उलट पूर्वी पारपत्र कचेरीच्या दारात ताटकळलेली माणसे आता ते केंद्र बरे असे सांगतात. खिडकीशी बसणारा कुणाचा नोकर आहे याची त्यांना फारशी फिकीर नाही. निशाणी करणारा वेगळा आहे, हे पुरेसे ठरले.

आता बाजीरावाकडे वळू. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने गादी टिकविण्याची चिंता इंग्रजांनी आपल्याकडे घेतली. त्याच सुमारास होळकरांच्या स्वाऱ्यांनी देश उद्ध्वस्त झालेला, आणि त्यापाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. गावेच्या गावे ओस पडलेली. अशा मुलखाचा वसूल सावकाश, रयतेला हात देऊन वाढवावा लागतो. बाजीरावाला सावकाश काहीच नको होते. त्याला रोकड हवी होती. फौज ठेवण्याची निकड उरली नसल्याने ती रोकड खजिन्यात साठत जाणार होती, आणि तिचा हिशेब विचारणारा नानासारखा कुणी उरला नव्हता. मग मामलती लिलावात निघाल्या.

या लिलावाचे वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात केले आहे. एल्फिन्स्टन हा जेता. जित राजाची निंदा करण्यात त्याचा स्वार्थ होता, हे विसरून चालणार नाही. पण त्याच अहवालात तो पंचायतीच्या न्यायाची आणि नानाच्या वेळच्या मामलेदारीची बाजू मोकळेपणाने घेतो, आणि मराठी मुलखातील लोकांना पूर्वीच्या राज्यात लाभलेल्या काही गोष्टी आपल्या राज्यात लाभणार नाहीत हेही कबूल करतो. अशा साक्षीदाराची साक्ष टाकून देता येत नाही. तो सांगतो ते असे: मामलत म्हणजे अनुभवी माणसाला द्यावयाचे पद हा विचार संपला. बाजीरावाच्या भोवतालच्या मंडळींत बोली लागे, चढ्या बोलीला उत्तेजन मिळे, आणि या व्यापारात उतरण्यास जो कचरे त्याच्यावर गैरमर्जी होई. पुढच्या वर्षी पुन्हा लिलाव, पुन्हा त्याहून चढी बोली. ज्याने मामलत घेतली तो ती तुकड्यातुकड्यांनी पोटमक्तेदारांना देई, ते आणखी खालच्यांना. अशी ही उतरंड पाटलापर्यंत पोहोचे. पाटलाने गावचा मक्ता कबूल केला तर तो गावाचा अनियंत्रित धनी होई, कारण त्याच्याविरुद्ध ऐकणारे कुणी नसे. त्याने नाकारला तर गावाची अवस्था त्याहून वाईट; मामलेदाराची शिबंदी स्वतः वसुलाला येई, आणि तिला गावात कुणाशीच सोयरीक नसे.

या वर्णनात आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे मुदत. एका वर्षाच्या मक्तेदाराने विहिरीला तगाई का द्यावी? पडीक जमीन लागवडीस आणण्याची मराठी राज्यातील जुनी रीत इस्ताव्याची होती: पहिल्या वर्षी धारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असे वाढवीत काही वर्षांनी पूर्ण धारा. परागंदा झालेल्या कुळांना या बोलीवर कौल देऊन परत आणीत. आज सवलत द्यावयाची आणि फळ पाच वर्षांनी घ्यावयाचे, हा सौदा सरकारला परवडतो. पुढल्या साली ज्याची मामलत दुसऱ्याकडे जाणार त्याला कसा परवडावा?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मामलेदाराकडे केवळ वसूल नसे. दिवाणी-फौजदारीचे कामही त्याच्याकडेच असे. म्हणून मामलतीचा लिलाव होई तेव्हा वसुलाबरोबर गाऱ्हाणे ऐकण्याची जागाही विकली जाई. नानाच्या काळी मामलेदाराचा जुलूम झाला तर दरखदार होते, हुजूर होती. आता मामलेदार हाच दरबारातला लाडका; त्याच्याविरुद्ध कागद कुणी घ्यावा? दरखदारांची पदे नावाला राहिली असतील, पण ज्याची बोली सर्वांत मोठी त्याच्या हिशेबावर निशाणी करावयास नाही म्हणण्याची छाती कुणाला होणार?

जकातीची कथा याहून मजेची आहे. जकातीचे मक्ते पुष्कळ जुने. रस्त्यावर ठिकठिकाणी नाकी, प्रत्येक नाक्याचा मक्तेदार निराळा, दर निराळा, झडतीची तऱ्हा निराळी. व्यापाऱ्याचा बैल वऱ्हाडातून कोकणात उतरेपर्यंत अनेकदा थांबे. यावर बाजारानेच एक तोड काढली. पेठांतून हुंडेकरी नावाचा एक वर्ग उभा राहिला. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एक ठोक रक्कम द्यावी. वाटेतल्या सर्व मक्तेदारांशी तो आपले खाते ठेवी आणि माल विनात्रास पलीकडे पोहोचवी. मक्तेदारांच्या उपद्रवातून सोडविणारा आणखी एक मक्तेदार! कचेऱ्यांच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसणाऱ्या मंडळींची वंशावळ कुणी लिहावयास घेतली तर तिने येथून आरंभ करावा. हुंडेकरी हे आडनाव महाराष्ट्रात आजही आढळते. नाक्यावरची ही चीड आपल्याकडे अजून जिवंत आहे, हे कोल्हापूरने दाखविले. शहरातलेच रस्ते खाजगी कंपनीकडून बांधून घ्यावयाचे आणि तीस वर्षे टोल द्यावयाचा, असा तेथला करार होता. जानेवारी २०१४ मध्ये लोकांनी नाकी पेटवली आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द केला. रस्ते वाईट होते म्हणून केवळ हे घडले असे आम्हांस वाटत नाही. आपल्याच गावात, आपल्याच रस्त्यावर, कुणाला विचारून हे ठरविले, हा प्रश्न त्या आगीत होता.

बाजीरावाच्या रयतेने मात्र नाकी पेटवली नाहीत. फ्रान्समध्ये कर वसुलीचे मक्ते घेणाऱ्या सावकारांच्या मंडळीला क्रांतीने १७९४ मध्ये वधस्तंभावर चढविले, आणि त्यांतच लव्हाझिए हा थोर रसायनशास्त्रज्ञही होता, कारण त्याचाही त्या मक्त्यात भाग होता. आपल्याकडे राग असा पेटला नाही. तो पायी निघाला. कुळाने रातोरात बैल जोडावे, भांडीकुंडी गाडीत टाकावी आणि दुसऱ्याच्या हद्दीत जावे, हेच रयतेचे मतदान होते. दप्तरात त्याची नोंद एका शब्दाची: परागंदा. आणि गावच गेले तर: बेचिराग. हे शब्द ज्या गावापुढे लिहिले जात, त्या गावाचे राज्यकर्त्याविषयीचे मत त्याहून स्पष्ट कोणत्या भाषेत लिहिता आले असते?

आता आम्ही वाचकांस महाराष्ट्राबाहेर, अहमदाबादेस नेतो. मराठी राज्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत महाग पडलेला इजारा तेथला आहे, आणि गुजरातेत नोकरीस असलेल्या वाचकांना त्याच्या खुणा भद्राच्या किल्ल्यात आणि गायकवाडांच्या हवेलीत रोज दिसतात.

१७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले, मध्ये ते हातचे गेले, आणि १७५८ मध्ये पुन्हा मिळाले. शहराच्या उत्पन्नात निम्मा वाटा पेशव्यांचा आणि निम्मा गायकवाडांचा. एका शहरावर दोन सरकारे, दोन्हींचे अंमलदार, दोन्हींचे कर. १८०० मध्ये पेशव्यांचा सुभेदार आबा शेलूकर आणि गायकवाड यांच्यात लढाई होऊन शेलूकर कैद झाला. शेलूकर नानाच्या पक्षाचा होता आणि नाना त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. बाजीरावाला त्याचे दुःख होण्याचे कारण नव्हते. त्याने आपला सगळा वाटाच पाच वर्षांच्या इजाऱ्याने, सालिना पाच लाखांवर, गायकवाडांना देऊन टाकला. त्यात अहमदाबादच्या उत्पन्नाचा वाटा, पेटलाद, राणपूर, धंधुका, घोघा यांचा वसूल, खंबायतेच्या जकातीचा हक्क आणि काठेवाडची खंडणी एवढे सारे होते. १८०४ मध्ये हाच इजारा दहा वर्षांसाठी, सालिना साडेचार लाखांवर, पुन्हा दिला गेला.

पुण्याच्या आसपासच्या मामलती वर्षावर्षाने विकल्या जात असताना गुजरातचा इजारा दहा वर्षांचा होता, आणि इजारदार स्वतःच त्या शहराच्या निम्म्याचा धनी होता. त्याला पुढल्या वर्षीही तेथेच राहावयाचे होते. अहमदाबादच्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने दोन सरकारांऐवजी एकाच सरकारशी गाठ पडणे ही सोयच होती. इजारा वाईटच असला पाहिजे असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये.

पण त्यातली खोट निराळी होती आणि ती वरच्या पातळीवर होती. दहा वर्षांत इजारदाराच्या हाती असलेल्या हक्कांचे रूपच पालटून गेले. १८०७ मध्ये कर्नल वॉकरने काठेवाडच्या संस्थानिकांशी ठराव केले आणि मुलूखगिरीच्या स्वारीने जी खंडणी वाढत-घटत येई ती कायमची नेमून टाकली. मूळ मालक पुण्यात बसलेला. त्याच्या हक्काचा सौदा त्याचा इजारदार आणि इजारदाराचा इंग्रज दोस्त यांनी मिळून केलेला. मुदत संपता संपता बाजीरावाला आपला मुलूख परत हवा होता, आणि गायकवाडांकडे जुन्या येण्याची जबर बाकी आपण काढतो असेही त्याचे म्हणणे होते. गायकवाडांना इजारा पुढे चालू हवा होता. हा हिशेब मिटविण्यासाठी बडोद्याहून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास आले. त्यांच्या जिवाची हमी इंग्रजांनी घेतली होती. एका इजाऱ्याच्या बोलणीसाठी आलेल्या कारभाऱ्याला परक्या सत्तेचे अभयपत्र लागावे, यातच काय ते समजावे.

१८१४ मध्ये इजारा संपला. बाजीरावाने त्याचे नवीकरण न करता अहमदाबादचा सरसुभा त्रिंबकजी डेंगळे याला दिला. त्रिंबकजी जासुदापासून चढलेला, बाजीरावाच्या मर्जीतला, आणि वसुलाच्या कामी निष्ठुर. शास्त्र्यांना मधाचे बोट लावले गेले. बाजीरावाच्या मेहुणीशी त्यांच्या मुलाच्या लग्नाची बोलणी निघाली आणि फिसकटली. २० जुलै १८१५ च्या रात्री पंढरपुरास देवदर्शनाहून परतताना शास्त्र्यांचा खून झाला. आषाढातले पंढरपूर, आणि तेथे ब्राह्मण कारभाऱ्याचे रक्त. त्या वार्तेने देशात केवढी खळबळ उडाली असेल ते सांगावयास नको. पुढचे सर्वांस ठाऊक आहे. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला, १२ सप्टेंबर १८१६ रोजी निसटला, आणि १३ जून १८१७ च्या पुणे तहाने बाजीरावाला इंग्रजांपुढे मान तुकवावी लागली. त्या तहात अहमदाबादचा इजारा साडेचार लाखांवर गायकवाडांना कायमचा देण्याचे कलम आहे. या कायमपणाचे आयुष्य पाच महिने. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यात गायकवाडांनी अहमदाबादवरील हक्क नव्या तहाने कंपनीस दिले, आणि पेशव्यांचे राज्य तर १८१८ मध्ये बुडालेच.

साताऱ्याहून ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने काढलेला जाहीरनामा राजकारणाचा कागद म्हणून पुष्कळांनी वाचला आहे. त्यात गंगाधरशास्त्र्यांच्या खुनाचा पाढा आहे, वतने आणि इनामे चालू ठेवण्याचे वचन आहे. पण मामलती मक्त्याने देण्याची रीत आम्ही बंद करीत आहो, मामलेदार सरकारचा वाजवी वसूल सरकारसाठी घेईल, असेही त्यात रयतेस सांगितले आहे. लढाई चालू असताना, बाजीराव अजून रानोमाळ पळत असताना, जेत्याने हे कलम घालणे जरूर मानले. लोकांच्या मनात काय सलते आहे हे त्याला नेमके कळले होते. जून १८१८ मध्ये बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाला तोपर्यंत रयत त्याच्यासाठी उठली नाही. याची कारणे अनेक आहेत, आणि सगळा भार मक्त्यावर टाकणे बरोबर होणार नाही. तरी गावाला शेवटची पंधरा वर्षे राज्याचे तोंड म्हणून दिसले ते पोटमक्तेदाराचेच होते.

मक्ता बंद करणारी कंपनी कोण होती, हेही पाहण्याजोगे आहे. लंडनच्या भागीदारांची ही व्यापारी मंडळी १७६५ मध्ये बादशहाकडून बंगालची दिवाणी मिळवून राज्यकर्ती झाली. सालिना ठरावीक रक्कम बादशहास द्यावयाची आणि वसूल आपण करावयाचा, असा तो व्यवहार. इजाराच, पण एका सबंध देशाचा. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालचा जमीनमहसूल पाच वर्षांच्या बोलीने लिलावात काढला. बोल्या अवास्तव चढल्या, मक्तेदार बुडाले, बाकी थकली, आणि शेवटी १७९३ मध्ये कायमधाऱ्याचा मार्ग धरावा लागला. दख्खनेत मक्ता नको हे एल्फिन्स्टनला बंगालने पन्नास वर्षे आधी शिकवून ठेवले होते.

तर मामलेदार पगारी झाला. दारू आणि नावांची उतारे सोडली तर मक्तेदार मुलकी कारभारातून हटला. येथे गोष्ट संपती तर सरकारी कारभार चांगला आणि मक्त्याचा वाईट, असे सूत्र बांधून मोकळे होता आले असते. पण इंदापूर तालुका आडवा येतो.

१८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या विद्वान अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली. हेलिबरीच्या कॉलेजात शिकलेल्या अर्थशास्त्राप्रमाणे प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढावयाचे आणि त्याच्या शेकडा ५५ सरकारने घ्यावयाचे, अशी त्याची योजना. कागदावर तिच्यात काही उणे नव्हते. प्रत्यक्षात पाहणी ज्यांच्या हाताने व्हावयाची त्या खालच्या नोकरांनी पैसे घेऊन शेते चढविली आणि उतरविली. धारा असह्य बसला, त्यातच धान्याचे भाव पडले. वसुलासाठी रयतेचे शारीरिक हाल झाले, हे इंग्रजांच्याच कागदांत आहे. येथे मक्तेदार कुणी नव्हता. लिलाव नव्हता. वरपासून खालपर्यंत सगळे पगारी. आणि रयतेने काय केले? तिने पुन्हा बैल जोडले आणि शेजारच्या संस्थानांच्या हद्दीत गेली. इंदापूर तालुक्यात शेतेच्या शेते पडीक झाली.

त्या काळी देशी संस्थानांतून मक्ता गेलेला नव्हता. निजामाच्या राज्यात तर राजा चंदूलालच्या कारभारात तो ऐन भरात होता. १८६५ च्या सुमारास सालारजंगाने जिल्हाबंदी करीपर्यंत मराठवाड्याने त्याचे चटके सोसले. तथापि तेथेही सगळे मक्तेदार एका मापाचे नव्हते. पेस्तनजी मेहरजी या पारशी पेढीने निजामाला मोठाली कर्जे दिली आणि त्यांच्या फेडीसाठी वऱ्हाडातील परगण्यांचा वसूल तिच्याकडे आला. पेढीला वऱ्हाडचा कापूस मुंबईस न्यावयाचा होता. म्हणून तिने कापसाच्या वाहतुकीसाठी स्वतःचा पैसा घातला. औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयाला लोक पेस्तनशाही म्हणत. ज्याला दहा वर्षांनी कापूस हवा आहे तो यंदाच कुळाचा गळा दाबीत नाही. पण त्या पेढीचा मक्ताही सरकारने १८४५ मध्ये काढून घेतला, आणि देणेकऱ्याचे येणे राहून गेले. सरकारशी करार करणाऱ्यालाही दाद मागावयास जागा लागते, ही बाजू आपण सहसा विसरतो.

प्रिंगलची पाहणी सोडून द्यावी लागली. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंदापुरास आले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा सिद्धान्त बाजूस ठेवला. जमिनीचा मगदूर, पाण्याची सोय आणि मागील वर्षांत खरोखर किती वसूल झाला हे पाहून त्यांनी धारा बराच खाली आणला, आणि तो तीस वर्षे वाढणार नाही असे सरकारकडून वदवून घेतले. कुळाला आपले शेत किती, धारा किती आणि किती वर्षे, हे आधीच कळले; विहीर खणली तर तिचे पाणी आपल्याच मुलांना मिळणार हेही कळले. पडीक शेतांवर पुन्हा औत फिरले. मापणारा, लिहिणारा, वसूल करणारा हे तेच सरकारी खाते होते.

ती तीस वर्षे १८६७ च्या सुमारास भरली. तेव्हा फेरपाहणीत इंदापूर-भीमथडीकडचा धारा किती चढला, आणि मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे रोखे का जाळले, ती हकीकत निराळी आहे.